ब्रेसलेट सापडलं, पण खात्री पटली ती २७३४ या आकड्यानं

(कॅमेऱ्यासमोर. टेबलावर चांदीचं साधं ब्रेसलेट.)

समजा, समुद्रतळातून हे वर आलं आणि यावर बेपत्ता वैमानिकाचं नाव कोरलंय. शोध संपला? छे. विमान अजून सापडायचंच आहे.

३१ जुलै १९४४. फ्रेंच लेखक-वैमानिक आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी भूमध्य समुद्रातल्या कॉर्सिका बेटावरून एकटाच टेहळणीला निघाला आणि परतलाच नाही. हो, लहानग्या राजपुत्राची गोष्ट लिहिणारा तोच. विमान होतं लॉकहीड एफ-५बी, म्हणजे बंदुका काढून नाकात कॅमेरे बसवलेलं पी-३८ लाइटनिंग हे अमेरिकी लढाऊ विमान.

सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रान्सच्या मार्सेय बंदराजवळच्या रिऊ बेटापाशी एका मच्छीमाराच्या जाळ्यात ब्रेसलेट आलं. त्यावर सेंत-एक्झ्युपेरीचं नाव, त्याची बायको कॉन्सुएलोचं नाव आणि न्यूयॉर्कच्या प्रकाशकाचा पत्ता. अनेकांना हा बनाव वाटला, आणि संशय घेणं रास्तच होतं. एवढीशी वस्तू कुणीही कुठेही टाकू शकतं, शिवाय जाळं तिला किती लांबून ओढत आणेल, याचा नेम नाही.

२००० मध्ये लुक व्हान्रेल या पाणबुड्यानं त्याच भागात पी-३८चे अवशेष ओळखले. ओळखायचं कसं? या विमानाला शेपटीकडे जाणारे दोन दांडे असतात आणि प्रत्येक दांड्याच्या पाठीवर टर्बो-सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र.

पण भूमध्य समुद्रात पी-३८ बरीच पडली होती. म्हणून पुढची चाळणी उपप्रकाराची. एफ-५बी ही पी-३८च्या ‘जे’ मालिकेची भावंडं. त्या मालिकेत इंटरकूलर, म्हणजे टर्बोतली तापलेली हवा गार करणारा भाग, पंखाच्या पुढच्या कडेतून काढून इंजिनाखाली आणला होता. अशा फरकांवरून यादी आखडते, तरी एकाच विमानावर येऊन थांबत नाही.

(क्लोज-अप: गंजलेल्या पत्र्यावरचे आकडे.)

इथे नवखे हमखास फसतात. सुट्या भागावरचा पार्ट नंबर त्या साच्याच्या प्रत्येक भागावर सारखाच असतो. तो फक्त मॉडेल सांगतो. हवा असतो तो कारखान्यानं त्या एका विमानाला दिलेला क्रमांक. २००३ मध्ये परवानगी घेऊन अवशेष वर काढले. घासूनपुसून साफ करताना टर्बोच्या आवरणाच्या तुकड्यावर आकडे दिसले: २७३४ एल. ‘एल’ म्हणजे डावी बाजू. लॉकहीडच्या नोंदीत २७३४ म्हणजे लष्करी क्रमांक ४२-६८२२३, आणि त्या दिवशी सेंत-एक्झ्युपेरी हेच विमान घेऊन गेला होता. एप्रिल २००४ मध्ये फ्रान्सच्या सागरी पुरातत्त्व विभागानं ओळख जाहीर केली.

त्याच परिसरात डायमलर-बेंझचं इंजिनही मिळालं होतं. ते होतं जर्मन लढाऊ विमानाचं, १९४३ मध्ये पडलेल्या. एका जागी सापडलं म्हणून एकाच अपघातातलं, असं धरून चाललात की घोटाळा झालाच.

क्रमांक नसला की काय होतं, ते प्रशांत महासागरावर बेपत्ता झालेल्या अमेरिकी वैमानिक अमेलिया इअरहार्टच्या प्रकरणात बघा. १९९१ मध्ये त्याच महासागरातल्या निकुमारोरो बेटावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा सापडला. त्यावर रिव्हेटची (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांची) भोकं होती, मालकाचा क्रमांक नव्हता. भोकांच्या ओळी तिच्या विमानाशी जुळवण्यात वर्षानुवर्षं गेली. शेवटी पत्रा निघाला दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाचा.

आता तुम्ही विचाराल, सेंत-एक्झ्युपेरीचं विमान पडलं कशानं? मिळालेल्या तुकड्यांवर गोळ्यांच्या खुणा नाहीत. पण वर आलाय तो विमानाचा थोडासाच भाग, त्यामुळे ‘गोळी लागलीच नाही’ असंही म्हणता येत नाही. २००८ मध्ये एका जुन्या जर्मन वैमानिकानं ‘मीच पाडलं’ असं सांगितलं. त्याला दुजोरा देणारी नोंद मिळालेली नाही.