पंचवीस नळ्यांचं इंजिन

श्रोतेहो, नमस्कार.

गॅसचे गीझर येण्याआधी अंघोळीच्या पाण्यासाठी घरोघरी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. रुळांवरच्या वाफेच्या इंजिनाचा पहिला बॉयलर तत्त्वतः असाच होता, फक्त आडवा. ते इंजिन बनवणाऱ्या रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्यानं मधली नळी यू आकारात वळवून परत आणली होती. त्यामुळे कोळसा टाकायचं दार आणि धुरांडं एकाच टोकाला आलं, आणि धूर बाहेर पडण्याआधी पाण्याला दोनदा तापवून जाऊ लागला. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी वेल्समधल्या पेनिडॅरनच्या लोखंड कारखान्यातून त्याच्या इंजिनानं १० टन लोखंड आणि ७० माणसं पावणेदहा मैल ओढून नेली.

या इंजिनाचा शोध घेऊ लागलं की पहिली ठेच लागते ती चित्रापाशी. पेनिडॅरनचं इंजिन म्हणून जे जुनं चित्र वर्षानुवर्षं छापलं गेलं, त्यात सिलिंडरचा व्यास आहे पावणेपाच इंच. पेनिडॅरनच्या इंजिनाची नोंद सांगते सव्वाआठ इंच. म्हणजे चित्र दुसऱ्याच कुठल्या तरी इंजिनाचं! पुस्तकामागून पुस्तकं निघाली, पण मापं ताडून पाहायला लोकांना फार उशीर लागला.

त्या काळी जास्त दाबाच्या वाफेची लोकांना धास्तीच होती, आणि ती अनाठायी नव्हती. १८०३ मध्ये ग्रिनिचला ट्रेव्हिथिकचा एक बॉयलर फुटून माणसं दगावली. त्यानंतर त्यानं बॉयलरला शिशाचं बूच बसवायला सुरुवात केली. पाणी कमी झालं की शिसं वितळायचं आणि वाफ स्फोट न होता निसटायची. मला विचाराल तर त्याचं हे बूच इंजिनाइतकंच मोलाचं.

पुढची पंचवीस वर्षं बॉयलर फारसा बदलला नाही. कोणी नळी वळवली, कोणी सरळ ठेवली. जॉर्ज स्टीफन्सनच्या १८२५ च्या 'लोकोमोशन' या इंजिनामध्येही सरळ एकच जाड नळी होती. अडचण साधी होती: आग कितीही पेटवा, तिची धग पाण्याला भिडायला पत्र्याची जागाच थोडी.

ऑक्टोबर १८२९ मध्ये इंग्लंडातल्या रेनहिलला ५०० पौंडांच्या बक्षिसासाठी इंजिनांची चाचणी झाली, तिचा निकाल माझ्या मते या जागेनंच लावला. टिमथी हॅकवर्थच्या 'सान्स परेल'मध्ये ती सुमारे ९० चौरस फूट होती, कारण नळी ट्रेव्हिथिकच्याच वळणाची. जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन याच्या, चाचणी जिंकलेल्या 'रॉकेट'मध्ये सुमारे १३८. एका जाड नळीऐवजी तांब्याच्या तीन इंची २५ नळ्या, आणि मागे पाण्यानं वेढलेली वेगळी भट्टी.

ही कल्पना कोणाची? रॉबर्टच्या न्यूकॅसलमधल्या कारखान्यातल्या कुणाची नव्हे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे कंपनीचा कारभार पाहणाऱ्या हेन्री बूथ नावाच्या धान्याच्या व्यापाऱ्यानं ती सुचवली! गंमत म्हणजे त्याच सुमारास फ्रान्समध्ये मार्क सेगँनं अनेक नळ्यांच्या बॉयलरचं पेटंट घेतलेलं होतं. दोघांनी एकमेकांचं उचललं, असं काही दिसत नाही.

पण सुचवणं वेगळं आणि घडवणं वेगळं. रॉबर्टनं न्यूकॅसलहून बूथला लिहिलेली १८२९ ची पत्रं शिल्लक आहेत. दाबाच्या परीक्षेत बॉयलरच्या टोकाचा पत्रा फुगून बाहेर आला आणि आतून आधाराच्या सळ्या घालाव्या लागल्या, हे त्यांतूनच कळतं. बढायांच्या आठवणी लोक म्हातारपणी लिहितात. अडचणी मात्र त्या त्या दिवशीच्या पत्रांतच सापडतात.

लोखंडही साक्ष देतं. १९९९ मध्ये मायकेल बेली आणि जॉन ग्लिथेरो या अभ्यासकांनी मूळ 'रॉकेट'चे भाग सुटे करून तपासले. रेनहिलला धावलेलं इंजिन आणि आज संग्रहालयात उभं असलेलं इंजिन यांत पुष्कळ फरक आहे. सिलिंडर खाली आणलेले आहेत, पुढे धुराची पेटी नंतर बसवलेली आहे. १८३० च्या 'नॉर्थम्ब्रियन'मध्ये भट्टी बॉयलरचाच भाग झाली, आणि तोच साचा पुढे जगभर चालला. बोरीबंदर-ठाणे गाडीची १८५३ ची इंजिनं ज्या व्हल्कन फाउंड्रीनं बनवली, तिचा रॉबर्ट एकेकाळी भागीदार होता.

अरुंद नळ्यांतून धूर सहज वाहत नाही, त्याला ओढ लागते. सेगँनं त्यासाठी पंखे लावले. इंग्लंडात वापरलेली वाफ धुरांड्यात सोडून ओढ निर्माण केली गेली, आणि या युक्तीचा जनक कोण यावर स्टीफन्सन आणि हॅकवर्थ यांच्या पक्षपात्यांनी पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्च केली. प्रत्यक्षात १८०४ मध्येच ट्रेव्हिथिकनं पत्रात लिहून ठेवलंय, की वाफ धुरांड्यात सोडली की आग जास्त चांगली पेटते. वाफेच्या नळीचं तोंड अरुंद करून झोत जोरकस करण्याचं श्रेय हॅकवर्थला द्यायला मात्र माझी काही हरकत नाही.