सरकी भिजवली का?

मंडळी, नमस्कार. मागे तर्री उकळतेय आणि तिचा वास माझ्याआधी तुमच्यापर्यंत पोचलाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो: रक्तदाब आणि स्मृतिभ्रंश.

आमचं गाव आर्वीकडचं. घरी कपाशी आणि थोडी संत्र्याची बाग. बाबा हिशेबाला पक्के. जिनिंगवर गाडीचा काटा व्हायच्या आत पैसे किती होणार ते तोंडी सांगायचे. सत्तरीनंतर हेच बाबा पहाटे चारला उठून रिकाम्या गोठ्यात उभे राहायला लागले. बैल विकून नऊ वर्षं झाली होती. आईला विचारायचे, "सरकी भिजवली का वं?" आई म्हणायची, "भिजवली ना जी." दोन महिने तिनं असं निभावलं, आम्हाला फोनवर पत्ता लागू दिला नाही.

गावाचं निदान ठरलेलं: साठी, बुद्धी नाठी. मीही मान डोलावली असती. पण मी इथे औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा असतो, आणि बाबांच्या पेटीत सातबाऱ्यासोबत एका आरोग्य शिबिराचा कागद निघाला. वय ४६, बीपी १६४/१०२. गोळ्या महिनाभर घेतल्या, मग बंद. आई सांगते, तेव्हा त्यांचं एकच म्हणणं होतं, "मले काही होऊनच नाही राहिलं, त गोळी कायले खाऊ?" तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र एक दिवस चुकला नाही.

बागेत ठिबक असणाऱ्यांना पुढचं लगेच कळेल. मोटर धडधडत असते, मोठ्या पाइपात पाणी असतं, पण टोकाच्या बारीक नळ्या चोंदलेल्या असतात. आपल्याला समजतं ते पानं पिवळी पडल्यावर. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघालेल्या रक्तातलं १५ ते २० टक्के तोच घेतो. दाब वर्षानुवर्षं चढा राहिला की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, काही बंद पडतात. ना तोंड वाकडं होतं, ना हात लुळा पडतो. आत मात्र एकेक वाफा सुकत जातो.

लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास आहे. त्याचे २०१८ मधले निष्कर्ष बघा. पन्नाशीत वरचा आकडा १३० किंवा जास्त असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. साठीत आणि सत्तरीत मोजलेल्या दाबाशी तसा संबंध दिसला नाही. म्हणजे मोजायचं वय या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या लोकांचं आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं मांडली, त्यात चाळिशी-पन्नाशीतला रक्तदाब आहे, वाईट कोलेस्टेरॉल आहे, मधुमेह आहे. ही चौदाही आटोक्यात आली तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबतील, असा त्यांचा अंदाज. बाकीच्यात वय आहे, वारसा आहे. बाबांचं नेमकं कशानं झालं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. ४६ व्या वर्षीचा तो कागद तेवढा डोळ्यांसमोरून हलत नाही.

गावी फोन करता तेव्हा "बरे आहात ना?" विचारू नका, उत्तर "हो" हेच येतं. "आजची गोळी घेतली का?" असं विचारा. वर्धा आणि भंडारा हे जिल्हे उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात पहिल्या टप्प्यातच आले होते. गोळी सरकारी दवाखान्यात मिळते, ती चुकते घरात.

पोह्यांच्या टेबलाशेजारी मशीन ठेवलंय. तर्रीच्या आधी पाच मिनिटं शांत बसा, मग बाही वर करा. सकाळी मांडामांड करताना मी माझा दाब मोजला: १३८. बायको तिसऱ्या रांगेत बसलीय, तिला हे आत्ताच कळतंय.