टोकन दोन, शेतकरी एक: सर्व्हरवरचे नेहमीचे घोळ कसे शोधायचे

[कॅमेऱ्यासमोर. मागे पांढरा बोर्ड.]

नमस्कार राजेहो. आज एक साइट मनातल्या मनात बांधू आणि तिच्यातच सगळे घोळ करून पाहू. समजा आर्वी तालुक्यातल्या एका कापूस खरेदी केंद्राले टोकनची साइट पाहिजे. शेतकरी मोबाइलवरून नाव, गाव, अंदाजे किती क्विंटल ते भरणार, सातबाऱ्याचा फोटो टाकणार आणि त्याले टोकन नंबर मिळणार. नंबर लागला की ट्रॅक्टर घेऊन काट्यावर.

पीएचपी (सर्व्हरवर चालणारी प्रोग्रामिंगची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) घेऊ, कारण स्वस्तातल्या होस्टिंगवर हेच आयतं मिळते. तुम्ही पायथन नाहीतर नोड वापरत असाल तर फंक्शनची नावं बदलतील, दुखणं तेच राहील.

साइट लॅपटॉपवर मस्त चालते. सर्व्हरवर चढवली की पहिला फोन येतो: "भाऊ, नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येऊन राहिली."

आता बहुतेक पोरं काय करतात? गुगलवर जे पहिलं उत्तर सापडलं ते चिकटवतात. पानाचा मेटा टॅग बदलला, नाही झालं. कोलेशन, म्हणजे डेटाबेसचा अक्षरं ताडून पाहायचा नियम, बदललं, नाही झालं. टेबल पाडून नवीन केलं, आणि झालं! पण काहून झालं हे विचारू नका. जुना डेटा गेला तो गेलाच.

शेतात पाइपलाइन फुटली की आपण सगळी नळी उकरत बसतो काय? एकेक व्हॉल्व्ह पाहत जातो. इथवर पाणी आहे, पुढे नाही, म्हणजे मधातच फुटली. सर्व्हरवर तसंच करा. मराठी नाव ब्राउझरमधून निघते, पीएचपीत येते, तिथून डेटाबेसच्या कनेक्शनमधून जाते, टेबलच्या कॉलममध्ये बसते आणि त्याच वाटेनं परत येते. प्रत्येक टप्प्याची अक्षरांबद्दल स्वतःची एक समजूत असते. एकाची जरी वेगळी निघाली तरी घोळ.

[बोर्डावर: ब्राउझर, पीएचपी, कनेक्शन, कॉलम. चार चौकोन, मधात बाण.]

मग पाहायचं कुठून? मी तरी नेहमी तळातून, म्हणजे कॉलमपासून सुरू करतो. मायएसक्यूएलमध्ये हेक्स नावाचं फंक्शन आहे. नावाच्या कॉलमवर ते चालवा. अक्षर कसं दिसते ते सोडा, आत खरोखर कोणते बाइट पडले आहेत ते हे फंक्शन दाखवते, एका बाइटाले दोन खुणा.

युटीएफ-८ म्हणजे अक्षरं बाइटांत लिहायची पद्धत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्यात तीन बाइट घेते. 'क' घ्या. त्याचे बाइट ई-शून्य, ए-चार, नऊ-पाच. देवनागरीच्या तक्त्यातलं कोणतंही चिन्ह असो, पहिला बाइट ई-शून्य आणि दुसरा ए-चार नाहीतर ए-पाच. एवढं पाठ करून ठेवा, लय कामाचं आहे.

हेक्समध्ये ई-शून्य दिसलं तर डेटा ठणठणीत आहे. स्क्रीनवर प्रश्नचिन्हं असली तरी घाबरू नका, बिघाड परतीच्या वाटेवर आहे. बहुतेक वेळा कनेक्शन लॅटिन-१ वर, म्हणजे देवनागरी न कळणाऱ्या जुन्या पद्धतीवर, राहून गेलेलं असते. पीएचपीतून डेटाबेस जोडायला पीडीओ वापरत असाल तर कनेक्शनच्या ओळीतच कॅरसेट (अक्षरांची पद्धत) सांगा, मायएसक्यूएलआय असेल तर सेट-कॅरसेट. एक ओळ, काम झालं.

तीन-एफ, तीन-एफ, तीन-एफ अशी रांग दिसली तर मात्र वाईट बातमी आहे. तीन-एफ म्हणजे खुद्द प्रश्नचिन्ह. कॉलम लॅटिन-१ होता, त्याले देवनागरी कळली नाही आणि त्यानं प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. ते नाव आता कुठंच नाही, बॅकअप असेल तरच परत मिळेल. डेटाबेस स्ट्रिक्ट मोडमध्ये (न बसणारा डेटा नाकारणाऱ्या कडक मोडमध्ये) असता तर त्यानं तिथंच एरर दिली असती आणि पहिल्याच शेतकऱ्याच्या वेळी कळलं असतं. म्हणून एरर येते म्हणून स्ट्रिक्ट मोड बंद करा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका बापा.

तिसरा प्रकार सगळ्यात बेरकी. हेक्स सुरू होते सी-तीन, ए-शून्य अशी. याचा अर्थ मराठी बाइट लॅटिन-१ समजून पुन्हा एकदा युटीएफ-८ मध्ये कोंबले. गंमत अशी की साइटवर सगळं बरोबर दिसते! जाताना चुकीचं कनेक्शन, येतानाही तेच चुकीचं कनेक्शन, म्हणून चूक फिटून जाते. पीएचपीमायॲडमिनमध्ये पाहिलं तर मात्र कचरा. मग कोणीतरी शहाणपणानं कनेक्शन दुरुस्त करते आणि त्याच दिवशी सगळ्या जुन्या नोंदी साइटवर बिघडलेल्या दिसतात. दुरुस्त करणाराच शिव्या खातो. असा डेटा वाचवता येते. कॉलममधलं आधी लॅटिन-१ मध्ये उलटं फिरवायचं, मग बायनरी म्हणून धरायचं आणि मग युटीएफ-८-एमबी-४ म्हणून वाचायचं. पण आधी बॅकअप, मग एका ओळीवर प्रयोग, मग बाकीचं टेबल.

हे एमबी-४ कशाले, हाही प्रश्न येतो. मायएसक्यूएलचं जुनं 'युटीएफ-८' तीनच बाइटांपर्यंत जाते. देवनागरी तीनात बसते, म्हणून आपलं भागते असं वाटते. शेतकऱ्याच्या पोरानं शेऱ्याच्या रकान्यात एक हात जोडलेला इमोजी टाकला की संपलं, इमोजीले चार बाइट लागतात. एमबी-४ हे २०१० पासून आहे आणि २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून मायएसक्यूएल आपणहून तेच घेते. जुन्या होस्टिंगवर मात्र हातानं सांगावं लागते.

याच तीन बाइटांतून आणखी एक घोळ निघतो. 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या.

[बोर्डावर मोठ्या अक्षरात: ज्ञानेश्वर]

आपण मोजली तर अक्षरं चार. पीएचपीचं एमबी-स्ट्रलेन म्हणते १०, कारण ते जोडाक्षरातला हलन्त आणि काना-मात्राही वेगळ्या मोजते. साधं स्ट्रलेन म्हणते ३०, ते बाइट मोजते. आता टोकनच्या पावतीवर जागा कमी म्हणून तुम्ही साध्या सबस्ट्रनं २० वर कापलं. २० ले तीननं भाग जात नाही. अठरा बाइटांत सहा चिन्हं पूर्ण, सातव्याचे दोन बाइट लोंबकळत राहिले. पानावर तिथं काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह दिसेल, तेवढ्यावर निभावलं तर नशीब. हेच नाव जेसनमधून (डेटा पाठवायच्या एका साच्यातून) मोबाइल ॲपले पाठवत असाल तर जेसन-एन्कोड सरळ फॉल्स देते. पूर्ण यादी रिकामी! शंभर शेतकऱ्यांची नावं चांगली, एकाचं तुटकं, आणि ॲपवर कोणीच नाही. ॲपवाला म्हणते सर्व्हर खराब, सर्व्हरवाला म्हणते ॲप खराब. जेसन-लास्ट-एरर-एमएसजी विचारा, ते स्पष्ट सांगते की युटीएफ-८ तुटलं आहे. आणि कापायचं तर एमबी-सबस्ट्रनं कापा.

[खुर्ची ओढून बसतो]

आता शीर्षकातला घोळ. दुपारची वेळ, गावात नेटवर्कची एक काडी. शेतकऱ्यानं 'नोंदणी करा' दाबलं. गोल गोल फिरून राहिलं. त्यानं पुन्हा दाबलं. त्याले दोन टोकन लागले.

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो: बटण एकदा दाबलं की बंद करा. करा, चांगलंच आहे. पण पुरेसं नाही. विनंती सर्व्हरपर्यंत पोचली, नोंद झाली आणि उत्तर परत येताना नेटवर्क गेलं. शेतकऱ्याच्या फोनवर 'पान उघडले नाही'. तो पान रिफ्रेश करणारच, तुम्हीही केलं असतं.

दुसरा उपाय: आधी सिलेक्ट करून पाहू की नोंद आहे काय, नसेल तरच इन्सर्ट. कागदावर बरोबर. पण दोन विनंत्या एकाच क्षणी आल्या तर दोघी पाहतात, दोघींना नोंद दिसत नाही, दोघी लिहितात. लॅपटॉपवर तुम्ही एकटेच असता, म्हणून हे तिथं कधीच दिसत नाही.

खरा उपाय डेटाबेसकडे आहे, युनिक इंडेक्स, म्हणजे त्या कॉलममध्ये तीच गोष्ट दोनदा येऊ न देणारा नियम. पण कशावर लावाल? पोरं म्हणतात मोबाइल नंबरवर. अरे, आपल्याकडे एक मोबाइल किती जणांचा असते? बाप, काका आणि शेजारी, सगळ्यांचे फॉर्म एकाच पोराच्या नंबरवरून भरले जातात. सेवा केंद्रवाला तर दिवसभर स्वतःचाच नंबर टाकते. मोबाइलवर युनिक लावलं की दुसऱ्या शेतकऱ्याले टोकनच मिळणार नाही.

म्हणून असं करा. फॉर्म उघडताना सर्व्हरनं एक मोठी यादृच्छिक किल्ली तयार करून लपलेल्या रकान्यात ठेवायची. टेबलमध्ये त्या किल्लीचा कॉलम, त्यावर युनिक इंडेक्स. तोच फॉर्म पुन्हा आला की मायएसक्यूएल १०६२ नंबरची एरर देते, म्हणजे ही किल्ली आधीच आली आहे. ती एरर शेतकऱ्याच्या तोंडावर मारू नका. ती पकडा, जुनी नोंद शोधा आणि तोच टोकन नंबर पुन्हा दाखवा. त्यानं दहादा दाबलं तरी नंबर एकच. नोंद झाल्यावर ३०३ ('दुसऱ्या पानावर जा' सांगणारा कोड) देऊन पावतीच्या पानावर पाठवा, म्हणजे रिफ्रेशनं फॉर्म पुन्हा जाणार नाही. एका शेतकऱ्यानं एका दिवशी एकच टोकन घ्यावं हा केंद्राचा नियम असेल तर तो वेगळा, शेतकऱ्याच्या नोंदणी क्रमांकावर आणि तारखेवर लावा. दोन गोष्टींची खिचडी करू नका.

आता याच्या उलटं: शेतकरी दोन, टोकन एक. हे तर याहून वाईट, कारण गेटवर ४७ नंबरचे दोन ट्रॅक्टर उभे राहतात आणि दोघांच्या हातात छापील पावती. असं तेव्हा होते जेव्हा नंबर 'सगळ्यात मोठा अधिक एक' असा काढलेला असतो. पुन्हा तेच, दोघांनी एकदमच ४६ वाचलं.

ऑटो-इन्क्रिमेंट, म्हणजे डेटाबेसनं आपणहून पुढचा नंबर देणं, लावलं तर नंबर दुहेरी होत नाही, पण मधले नंबर गळतात. इन्सर्ट फसली तरी इनोडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या नेहमीच्या टेबल-प्रकारात, तो नंबर वाया जातो. मग लोक विचारतात, ४८ कोणाले दिला भाऊ? सांगत बसा. खरेदी केंद्रावर असा संशय फार लवकर पेटतो. म्हणून दर दिवसाची एक ओळ असलेलं काउंटरचं छोटं टेबल ठेवा. ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही असा कामांचा गठ्ठा) सुरू करा, ती ओळ 'सिलेक्ट फॉर अपडेट'नं धरा, नंबर एकानं वाढवा, नोंद लिहा, कमिट करा, म्हणजे पक्कं करा. दुसरी विनंती तेवढा वेळ दारात थांबते. नोंद फसली तर रोलबॅक, नंबरही मागे जातो. फक्त टेबल इनोडीबीचं आहे ना ते पाहा. जुन्या मायआयसॅम टेबलात ट्रान्झॅक्शन नसतेच, आणि रोलबॅक लिहिलेलं असूनही काहीच मागे जात नाही.

तारखेचं पटकन सांगतो. बहुतेक सर्व्हर युटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतात, आपण साडेपाच तास पुढे. पहाटे पाचला गाडी भरून टोकन काढणाऱ्याची नोंद कालच्या तारखेत पडते, कारण तिकडे रात्रीचे साडेअकराच वाजलेले असतात. दिवसा टेस्ट करणाऱ्याले हे कधीच सापडत नाही. पीएचपीत टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवा आणि मायएसक्यूएलच्या कनेक्शनलेही अधिक ०५:३० सांगा. तिथं नावानं सांगितलेला टाइमझोन बऱ्याच होस्टिंगवर चालत नाही, कारण त्याची टेबलं भरलेली नसतात. आकडा चालते.

सातबाऱ्याचा फोटो. आजच्या फोनचा फोटो चार-पाच एमबीचा सहज असते. पीएचपीची मूळ मर्यादा एका फाइलले २ एमबी, पूर्ण फॉर्मले ८. फाइल २ च्या वर गेली तर पीएचपीच्या फाइल्स यादीत एरर क्रमांक १ येते, तो तरी वाचता येते. पूर्ण फॉर्म ८ च्या वर गेला तर पोस्ट (फॉर्मचा मजकूर) आणि फाइल्स दोन्ही रिकामे! नाव रिकामं, गाव रिकामं, आणि तुमचा कोड म्हणते 'कृपया नाव भरा'. शेतकऱ्यानं तर भरलेलं आहे. पीएचपीच्या पुढे एनजिनएक्स नावाचा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची मर्यादा १ एमबी, तो ४१३ देऊन दारातूनच परत पाठवते. या तिन्ही मर्यादा वाढवा, पण त्याआधी फोटो फोनवरच, ब्राउझरमध्ये लहान करून पाठवा. एका काडीच्या नेटवर्कवर आठ एमबी चढवायला लावणं म्हणजे माणसाचा छळ आहे.

राहिलं पांढरं पान. पान पांढरं आलं की डिस्प्ले-एरर्स (एरर पानावरच दाखवणारी सेटिंग) चालू करायचा मोह होतो. चालू साइटवर नका करू, फोल्डरचे रस्ते अन् क्वेरी (डेटाबेसले दिलेले हुकूम) जगाले दिसतील. एरर लॉग उघडा, शेवटच्या वीस ओळी वाचा. ब्राउझरमध्ये एरर नंबर ५०० म्हणजे बहुधा तुमचाच कोड पडला. ५०२ म्हणजे पुढच्या सर्व्हरले मागच्या पीएचपीकडून धड उत्तरच मिळालं नाही. ५०४ म्हणजे वाट पाहून पाहून तो थकला, एनजिनएक्स साधारण ६० सेकंद थांबते. ५०४ दिसला की कोडच्या आधी क्वेरी पाहा, कुठंतरी इंडेक्स नसेल. लॉगमध्ये 'फाइल सापडली नाही' असेल आणि फाइल डोळ्यांना दिसत असेल, तर नावातलं लहान-मोठं अक्षर पाहा. विंडोजले चालते, लिनक्सले चालत नाही.

आणि क्वेरीत नाव थेट जोडणाऱ्यांसाठी. आपल्या मराठी नावांत वरचं एकेरी अवतरण चिन्ह येतच नाही, म्हणून अशी क्वेरी दोन-दोन हंगाम बिनबोभाट चालते आणि तुम्हाले वाटते कोड पक्का आहे. मग कोणीतरी शेऱ्यात ते चिन्ह टाकते आणि क्वेरी मोडते. ज्याले ते मुद्दाम टाकता येते, तो तुमचं टेबल वाचूही शकते. प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरी वेगळी आणि माहिती वेगळी पाठवायची पद्धत) वापरा, प्रत्येक ठिकाणी, शोधण्याच्या पानावरसुद्धा.

काउंटर टेबलचा पूर्ण कोड आणि हेक्सची क्वेरी खाली वर्णनात टाकली आहे. पुढच्या व्हिडिओत क्विंटल आणि रकमेचं पाहू, फ्लोट (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) वापरल्यावर काट्याचा हिशेब पैशा-पैशानं कसा सरकते ते.