बॅकहँड : एका हाताने की दोन हातांनी?

(कोल्हापुरात पालक आणि प्रशिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

उपस्थित पालक आणि प्रशिक्षक मित्रहो, 2022 साली आपल्या कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळली, तेव्हा आपल्या सर्वांचा ऊर अभिमानाने भरून आला. मुलांच्या खेळाकडे इतक्या गांभीर्याने पाहायचे, तर टेनिसमधला बॅकहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या विरुद्ध बाजूला आलेल्या चेंडूवरचा फटका, एका हाताने मारायचा की दोन हातांनी, हा निर्णय टीव्हीवर कोणता फटका देखणा दिसतो यावरून घेऊन चालणार नाही. चेंडू रॅकेटला नेमका कुठे भेटतो, हे पाहूनच तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकहाती फटक्यात चेंडू पुढच्या पावलाच्याही पुढे गाठावा लागतो. क्षणभर उशीर झाला, की मनगट मागे दाबले जाते आणि फटक्यातला जीव जातो. दुहाती फटक्यात चेंडू शरीराच्या अधिक जवळ येऊ देता येतो, त्यामुळे वेगवान सर्व्हिस परतवताना थोडा उशीर झाला तरी निभावून जाते. उजव्या हाताच्या खेळाडूचा डावा हात येथे नुसता आधाराला नसतो. बराचसा जोर तोच लावतो, म्हणून सरावात मुलांकडून केवळ डाव्या हाताने फोरहँड (रॅकेटच्या हाताच्याच बाजूचा फटका) मारून घेणे फार उपयोगी पडते.

एकहाती फटक्याची खरी परीक्षा खांद्यावर उसळणाऱ्या चेंडूपाशी होते. 2006, 2007 आणि 2008 या तिन्ही वर्षी फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात नदालने डाव्या हाताचा टॉपस्पिन, म्हणजे पुढे फिरत येऊन उंच उसळणारा चेंडू, फेडररच्या बॅकहँडवर सतत उसळवला आणि तिन्ही सामने जिंकले. पुढे फेडररने 90 ऐवजी 97 चौरस इंचांची रॅकेट घेतली, आणि 2017 च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात बेसलाइन (कोर्टाची मागची रेषा) न सोडता, चेंडू वर चढण्याआधीच सपाटून मारत त्याच नदालला पाच सेटमध्ये हरवले. ते पाय, ती नजर आणि ते अचूक वेळेचे भान दहा वर्षांच्या मुलाकडून मागणे मला अन्यायाचे वाटते.

बोर्ग, कॉनर्स आणि ख्रिस एव्हर्ट यांनी 1970 च्या दशकात दुहाती फटका रूढ केला. फेब्रुवारी 2024 मध्ये तर पुरुषांच्या एकेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या दहांत एकही एकहाती खेळाडू उरला नाही. 1973 मध्ये ही क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. दुहेरीत मात्र त्याच वर्षी जानेवारीत, वयाच्या 43 व्या वर्षी, आपल्या रोहन बोपण्णाने एकहाती बॅकहँड घेऊनच ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

म्हणून लहान मुलांची सुरुवात दोन हातांनीच करावी, पण एका हाताचा स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापून उलटा फिरवणारा फटका, दहाव्या वर्षाच्या सुमारास शिकवायला घ्यावा, कारण लांबचा, खाली राहणारा आणि जाळीजवळचा चेंडू दुहाती खेळाडूलाही एकाच हाताने घ्यावा लागतो. त्यात डावा हात रॅकेटच्या मानेवरून सुटला, की तो मागे जायला हवा. तो पुढे आला तर छाती उघडते आणि चेंडू तरंगतो.

पूर्णपणे एका हातावर यायचे असेल, तर तेरा-चौदाव्या वर्षी, खांद्यात बळ आल्यावर विचार करावा. सॅम्प्रसने याच वयात हा बदल केला, काही काळ पराभव सोसले आणि पुढे सात वेळा विम्बल्डन जिंकले. पालकांनीही तेवढा काळ निकालांचा तगादा लावू नये. आपल्याकडे पावसाळ्यात मातीची कोर्ट भिजलेली असतात आणि सामनेही कमी असतात. तेव्हा छपराखालच्या भिंतीवर या बदलाचा सराव सुरू करणे सोयीचे जाईल.