घरात बसून नॅस्कार: हौशी सिम टीम्सची गोष्ट

स्टॉक कार म्हणजे साध्या रस्त्यावरच्या गाडीसारखी दिसणारी रेसची गाडी, आणि नॅस्कार म्हणजे अमेरिकेतली या गाड्यांची सगळ्यात मोठी स्पर्धा. या रेसमधे गाडीत एकच माणूस बसतो. सिममधे, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या हुबेहूब रेसमधे, तर पिट क्रूसुद्धा नसतो, टायर कॉम्प्युटर बदलतो, पेट्रोल तोच भरतो आणि भिंतीला घासून पत्रा चेपला तर तोही तोच सरळ करतो. तरीपण ऑनलाइन स्टॉक कार रेसिंगमधे गेली 25-30 वर्षं हौशी लोकं टीम काढतायत, एकसारख्या रंगाच्या गाड्या रंगवतायत, नवीन ड्रायव्हरला घेण्याआधी त्याची ट्रायल बघतायत, आणि भांडून टीम फोडतायतसुद्धा. पैसे जवळपास कोणालाच मिळत नाहीत, उलट खिशातले जातात. मग टीमला काम तरी काय असतं? आजचा व्हिडिओ त्याच्यावरच आहे, आणि गंमत अशी की दर काही वर्षांनी या प्रश्नाचं उत्तर बदललंय.

सुरुवात अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स राज्यात. पपायरस नावाची छोटी कंपनी, 1987 मधे डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी या दोघांनी काढलेली. 1989 ला त्यांनी इंडियानापोलिस 500 चं सिम्युलेशन आणलं, आणि 1994 ला आलं नॅस्कार रेसिंग. त्या वेळचे बाकीचे रेसिंग गेम म्हणजे भिंतीवर आपटा, परत सरळ व्हा, पुढे चला. इथे गॅरेजमधे जाऊन टायरचं प्रेशर बदलायला लागायचं, वेज, म्हणजे चाकांवरच्या वजनाची वाटणी, बदलायला लागायची, आणि तरीही गाडी चौथ्या टर्नला फिरायची ती फिरायचीच. ज्यांना हे वैतागवाणं वाटलं ते सोडून गेले. ज्यांना आवडलं, ते अजून गेलेले नाहीत.

[पडद्यावर: जुना मॉडेम, कनेक्ट होतानाचा आवाज]

मग पपायरसने एक भारी उद्योग केला. 90 च्या दशकाच्या मधे त्यांनी स्वतःचा सर्व्हर लावला, नाव ठेवलं हवाई. आहे मॅसॅच्युसेट्सला, नाव हवाई, असो. मॉडेमने त्या नंबरला फोन लावायचा आणि देशभरातल्या दुसऱ्या लोकांबरोबर एकाच ट्रॅकवर रेस करायची. आता इंटरनेट गृहीत धरणाऱ्या माणसाला हे कळणं अवघड आहे, पण लाँग डिस्टन्स कॉल म्हणजे मिनिटाला पैसे, त्यामुळे अपघात होऊन यलो फ्लॅग लागला, वेग कमी ठेवणाऱ्या पेस कारच्या मागे सगळे हळूहळू फिरतायत, तरी फोनचं मीटर चालूच. पुढे 1997 च्या आसपास हे सगळं टेन नावाच्या पैसे भरून खेळायच्या नेटवर्कवर गेलं आणि त्याला नॅस्कार रेसिंग ऑनलाइन सिरीज असं रीतसर नाव मिळालं. डेल अर्नहार्ट ज्युनियर, म्हणजे नॅस्कारमधल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एक, तोही 90 च्या दशकापासून पपायरसच्या सिमवर खेळणारा. तेव्हा तो स्टार झालेला नव्हता.

या काळात टीमचं काम एकदम साधं होतं: माणसं गोळा करणं. कोण किती वाजता येणार, कोणाची लाइन सारखी कटते, कोण पहिल्या लॅपला सगळ्यांना आडवा येतो, हे माहीत असलेला एक गट. टीम म्हणजे बेसिकली ओळखीची यादी. गाडीवर सारखा लोगो लावला की झाली टीम.

1998 ला पपायरसने ग्रँड प्रिक्स लेजेंड्स काढला, 1967 सालच्या फॉर्म्युला वन गाड्यांचा. त्याचा स्टॉक कारशी थेट संबंध नाही, पण त्याचं फिजिक्स इतकं पुढचं होतं की 2001 मधे नॅस्कार रेसिंग 4 आला तो त्याच पायावर उभा होता. जुन्या सिमवर जिंकणाऱ्यांना परत पहिल्यापासून गाडी चालवायला शिकायला लागलं, आणि मला वाटतं टीम्सच्या गोष्टीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वळण आहे, कारण आता एकट्याने सेटअप जमवणं जवळपास अशक्य झालं.

सेटअप म्हणजे काय ते थोडं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅकवर गाडी फक्त डावीकडे वळते. म्हणून चारही चाकांवर वजन मुद्दाम वेगवेगळं ठेवतात, उजव्या बाजूच्या टायरमधे हवा जास्त, डाव्यात कमी. वळताना पुढची चाकं घसरून गाडी सरळ भिंतीकडे जायला लागली तर गाडी टाइट, मागची बाजू सुटून गरकन फिरायला लागली तर लूज. आणि रेस सुरू होताना मस्त असलेली गाडी 30 लॅपनंतर टायर गेल्यावर तशी राहत नाही. ग्रिलवर, म्हणजे पुढच्या जाळीवर, टेप जास्त लावली तर गाडी पळते जोरात पण इंजिन तापतं. एक गोष्ट बदलली की दुसरी बिघडते. एका माणसाने संध्याकाळचे दोन तास देऊन हे तपासायचं म्हटलं तर एकाच ट्रॅकला आठवडा जातो, पण पाच जणांनी वाटून घेतलं, तू फक्त स्प्रिंग बघ, तू प्रेशर बघ, तू 40 लॅप सलग मारून टायर किती उरतात ते सांग, तर तीन दिवसात गाडी तयार. हे टीमचं पहिलं खरं काम.

मग फेब्रुवारी 2003. नॅस्कार रेसिंग 2003 सीझन. सिम रेसिंगवाल्यांसमोर याचं नाव काढलं की लोकं अजून हळवी होतात, आणि काही लोकं तर अजूनही त्याच्यावरच रेस करतात. एका रेसमधे 43 गाड्या, म्हणजे त्या वेळच्या खऱ्या नॅस्कार फील्डएवढ्या. सर्व्हर कोणीही आपल्या मशीनवर चालवू शकायचा, त्यामुळे ठिकठिकाणी लीग उगवल्या. लीग चालवणं म्हणजे बिनपगारी नोकरी होती हो. सर्व्हर चालू ठेवा, पॉइंट टेबल बनवा, सगळ्यांच्या रंगवलेल्या गाड्यांचा एक कारसेट बनवून वाटा, आणि रेसनंतर रिप्ले बघून कोणी कोणाला ठोकलं त्याचा निवाडा करा. एकाने ठोकलं की दुसरा म्हणणार मुद्दाम केलं, पहिला म्हणणार लॅग होता, म्हणजे इंटरनेटवरून माहिती उशिरा पोचली. आणि दोघंही खरं बोलत असायचे, हाच सगळ्यात मोठा घोळ.

[पडद्यावर: तीच टक्कर, दोन वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून]

कसं ते बघा. अमेरिकेतल्या टालाडेगासारख्या ट्रॅकवर, 2.66 मैलांचा ट्रॅक आणि वळणावर 33 अंशाचा उतार, गाडी साधारण ताशी 190 मैलांनी जाते. म्हणजे 305 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जवळपास 85 मीटर. तुमची माहिती माझ्यापर्यंत यायला सेकंदाचा दहावा भाग जरी लागला तरी तेवढ्यात तुम्ही साडेआठ मीटर पुढे गेलेले असता, म्हणजे दीड गाडीपेक्षा जास्त. मग माझा कॉम्प्युटर अंदाज लावतो की तुम्ही आत्ता कुठे असाल आणि तिथे तुमची गाडी दाखवतो. तुम्ही सरळ जात असाल तर अंदाज बरोबर येतो. अचानक ब्रेक मारला किंवा लेन बदलली की चुकतो, माझ्या स्क्रीनवर आपण धडकलो आणि तुमच्या स्क्रीनवर मधे हातभर जागा.

आणि तरीही हे लोकं 30-40 गाड्यांच्या घोळक्यात बंपरला बंपर लावून पळतात. कारण ड्राफ्ट. पुढची गाडी हवा कापते, मागच्याला हवेचा विरोध कमी लागतो, आणि मागे गाडी चिकटलेली असली तर पुढचीचाही फायदा होतो, त्यामुळे दोन गाड्या मिळून एकट्या गाडीपेक्षा जोरात जातात. एकटा बाहेर निघालात की लायनीतून मागे, थेट विसाव्या नंबरवर. इथे टीम लागतेच. माझ्या मागे कोण आहे, तो मला ढकलणार का सोडून जाणार, हा भरवसा लागतो, आणि शिवाय त्याचं कनेक्शन कसं आहे, तो सरळ ढकलतो का वळणात ढकलून मला फिरवतो, हेही माहीत असायला लागतं. ते अनोळखी माणसाबद्दल कळत नाही, महिनोन्‌महिने बरोबर चालवल्यावर कळतं. टीमस्पीक, म्हणजे ऑनलाइन बोलायचं सॉफ्टवेअर, आल्यावर तर बोलणं सोपं झालं. ज्या आठवड्यात एखाद्याला रेस करायची नसेल तो स्पॉटर, म्हणजे शेजारी गाडी आहे का ते ड्रायव्हरला सांगणारा, बनून बसायचा, इनसाइड, स्टिल इनसाइड, क्लिअर, एवढेच शब्द दोन-अडीच तास.

मग सगळं बंद पडलं. नॅस्कारचे गेमचे हक्क 2004 पासून ईए या मोठ्या गेम कंपनीकडे गेले, आणि पपायरस त्याच वर्षी बंद झाली. 2003 वाला सिम लोकांनी स्वतःच जिवंत ठेवला, नवीन ट्रॅक बनवले, नवीन सीझनच्या गाड्या रंगवल्या. पण पपायरस काढणारा डेव्हिड केमर गप्प बसला नव्हता. त्याला जोडीदार मिळाला जॉन हेन्री, बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीमचा मालक आणि स्वतः पपायरसच्या सिमवर ऑनलाइन रेस करणारा माणूस. दोघांनी मिळून जे काढलं ते 2008 मधे बाहेर आलं, आयरेसिंग.

आयरेसिंगने टीमची निम्मी कामं एका झटक्यात काढून घेतली. सर्व्हर त्यांचा. रेसचं टाइमटेबल त्यांचं. टोपणनाव बंद, स्वतःच्या खऱ्या नावाने रेस करायची. रिप्ले बघून निवाडा करणारा अ‍ॅडमिनही लागेना, कारण सिस्टिमच दंडाचे पॉइंट देते, ट्रॅकबाहेर गेलात 1, गाडीवरचा ताबा गेला 2, दुसऱ्याला जोरात ठोकलं 4, चूक कोणाची हे बघतच नाही. ऐकायला अन्याय वाटतो पण मला विचाराल तर हुशारी आहे त्यात, कारण चूक कोणाची हे ठरवायच्या नादात जुन्या लीग फुटायच्या. रुकीपासून सुरू करायचं, नीट चालवलं तर डी, सी, बी, ए असं लायसन्स वर चढतं. भरीला फिक्स्ड सेटअपच्या सिरीज आल्या, सगळ्यांना एकच गाडी, म्हणजे ती स्प्रिंग आणि प्रेशरची वाटणीही गेली. स्पॉटरचा आवाजही आता सॉफ्टवेअरमधेच.

एवढं सगळं गेल्यावर टीम्स बंद व्हायला हव्या होत्या. झाल्या नाहीत. ओपन सेटअपच्या सिरीज होत्याच, ड्राफ्ट होताच, आणि लीग परत सुरू झाल्या त्या आयरेसिंगच्या आतच. सबस्क्रिप्शन भरून, ट्रॅक वेगळे विकत घेऊन, लोकं परत बुधवारी रात्री नाहीतर रविवारी रात्री त्याच त्याच 25-30 जणांबरोबर.

2010 पासून वरच्या लोकांसाठी नॅस्कारची अधिकृत मान्यता असलेली सिरीज सुरू झाली. रे अल्फायाने ती 4 वेळा जिंकली. 2019 च्या आसपास खऱ्या नॅस्कारमधल्या टीम्स त्यात उतरल्या, आणि 2020 च्या चॅम्पियनला, निक ऑटिंगरला, 1 लाख डॉलर मिळाले. हौशी टीमसाठी याचा अर्थ एवढाच की तुमचा सगळ्यात फास्ट माणूस आता निघून जाऊ शकतो. काही तर सिममधून खऱ्या गाडीतच गेले. विल्यम बायरन शाळेत असताना आयरेसिंगवर शिकला, त्यानंतर खऱ्या गाडीत बसला, आणि 2024 आणि 2025 असा लागोपाठ दोनदा डेटोना 500, म्हणजे नॅस्कारची सगळ्यात मोठी रेस, जिंकला.

2020 चं मार्च तर सगळ्यांना आठवत असेल. खऱ्या रेस थांबल्या आणि 22 मार्चला नॅस्कारच्या ड्रायव्हर्सची आयरेसिंगवर टीव्हीवर रेस झाली, व्हर्च्युअल होमस्टेड-मायामी ट्रॅकवर. 9 लाखांवर लोकांनी बघितली. शेवटच्या लॅपला डेनी हॅमलिनने डेल ज्युनियरला मागे टाकलं. पुढच्या आठवड्यात टेक्ससला जिंकला टिमी हिल, खऱ्या नॅस्कारमधे कमी पैशाच्या टीमसाठी मागे मागे पळणारा, पण आयरेसिंगवर आधीपासून ढिगाने रेस केलेला. हौशी लोकांना किती आनंद झाला असेल! एप्रिलमधे मात्र काइल लार्सन अशाच एका हौसेच्या ऑनलाइन रेसमधे चालू माइकवर वर्णद्वेषी शब्द बोलला आणि त्याची खरी नोकरी गेली. घरात बसून खेळतोय म्हणून काहीही चालतं, हा समज त्या दिवशी संपला.

याच काळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळीच आहे. नॉर्थ विल्क्सबोरो, नॉर्थ कॅरोलायनामधला जुना छोटा ट्रॅक, 1996 नंतर नॅस्कारच्या मुख्य सिरीजची रेस तिथे झालीच नव्हती, भेगांमधून गवत उगवलेलं. डिसेंबर 2019 मधे डेल ज्युनियर माणसं घेऊन गेला, गवत काढलं, झाडलोट केली, आणि ते कशासाठी, तर आयरेसिंगला लेझरने ट्रॅक स्कॅन करता यावा म्हणून. म्हणजे निदान कॉम्प्युटरवर तरी राहील. 2020 मधे लोकं त्याच्यावर रेस करायला लागले, आणि मे 2023 मधे नॅस्कारची ऑल-स्टार रेस खऱ्या ट्रॅकवर झाली. एवढ्या वर्षांत लोकांना तो ट्रॅक आठवत राहिला याला बरीच कारणं आहेत, त्यात सिमवाल्यांचा वाटा नक्कीच आहे.

[पडद्यावर: टालाडेगा, शेवटचा लॅप]

आता परत टीमकडे. सेटअप तयार मिळतो, स्पॉटर सॉफ्टवेअरमधे आहे, गाडी रंगवलेली डाउनलोड करता येते. उरलं काय, तर मागून ढकलणारा ओळखीचा माणूस. आणि त्याच्यातही एक पाचर आहे. टालाडेगाला शेवटच्या लॅपवर टीममधले दोघं पहिल्या आणि दुसऱ्या नंबरवर असले, तर दुसऱ्याने काय करायचं? ढकलत राहिला तर मित्र जिंकतो. शेवटच्या सरळ रस्त्यावर बाहेर निघाला तर तिसऱ्या गाडीचा धक्का त्याला मिळू शकतो, पुढचा एकटा पडतो, आणि कधीकधी दोघंही हरतात, भलताच जिंकतो. याच्यावर प्रत्येक टीमचा एक ठरलेला नियम असतो. तो नियम शेवटच्या लॅपला कोणी पाळत नाही, आणि मग डिस्कॉर्डवर रात्री 2 पर्यंत रिप्ले लावून भांडण चालतं.