एक पुस्तक, बारा वाचक

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. माझी आई त्याची सभासद होती आणि दर शनिवारी तिचे पुस्तक बदलून आणण्याचे काम माझ्याकडे असे. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असत. आपल्याआधी हे पुस्तक किती घरांत जाऊन आले, हे त्यांवरून कळे, आणि त्या अनोळखी माणसांना ते कुठे आवडले असेल, याचा विचार करत मी घरी येत असे. त्यांच्याशी बोलता यावे, ही इच्छा पुरी व्हायला पुढे चाळीस वर्षे गेली.

गेली सहा वर्षे आम्ही बाराजण दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमतो. नियम दोनच आहेत. पुस्तक पूर्ण वाचून यायचे, आणि आवडले नसेल तर मन नेमके कुठे उडाले ते सांगायचे. समीक्षेची भाषा कुणी आणत नाही, ते मला फार आवडते. शाळेत प्रत्येक कवितेखाली प्रश्न असल्यामुळे कविता वाचायची राहूनच गेली, असे आमच्यातल्या बहुतेकांचे झाले आहे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आम्ही घेतली, तेव्हा मला ती नव्याने वाचण्याची गरज वाटत नव्हती. १९५५ साली आलेली ही लहानशी कादंबरी मी कॉलेजात असताना एका बैठकीत संपवली होती. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो, बंद पडलेली शाळा सुरू करतो, गावाकडून तालीम बांधून घेतो. मी त्या मास्तरच्या वयाचा होतो आणि त्याच्याच डोळ्यांनी सारे पाहत होतो.

आमच्या मंडळात जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आहेत. त्यांची पहिली नेमणूक एकशिक्षकी शाळेवर होती. मेंढरांमागे जाणारे पोर शाळेत बसवायचे म्हणजे त्या घराचे एक माणूस कामातून काढून घ्यायचे, आणि म्हणून मास्तरला आधी कारभाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो, हे त्यांनी इतक्या सावकाश उलगडून सांगितले की, चहा गार झाला तरी कुणी कप उचलला नाही. मग शेवटची पाने वाचायची पाळी एका बाईंवर आली. दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होत जाते, तिथे त्या थांबल्या. त्यांच्या माहेरी १९७२ च्या दुष्काळात आधी बैल विकले होते, नंतर भांडी. पुढची पाने त्यांच्या शेजारच्या तरुण मुलाने वाचली.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले. पूर्वी ज्या शेवटाला मी दहा मिनिटे दिली होती, त्याला पाऊण तास लागला. वाचनाचा आनंद म्हणतात तो मला त्या पाऊण तासात जितका मिळाला, तितका एकट्याने वाचलेल्या पुस्तकांत क्वचितच मिळाला आहे, आणि तरीही वाचताना मी एकटाच होतो.

मंडळाची ती प्रत सध्या माझ्याकडे आहे. मास्तर शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकतो, त्या पानाच्या समासात गुरुजींच्या हातचे पेन्सिलीचे तीन शब्द आहेत: ‘माझा पट, सात.’