चिऱ्यांच्या घरातलं वायफाय

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं इंटरनेट रखडायला लागलं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो प्लॅन वाढवण्याचा. शंभरचा दोनशे करा, दोनशेचा तीनशे करा. पैसे भरून होतात, आणि मागच्या खोलीत मुलाचा ऑनलाइन वर्ग अडखळायचा तो अडखळतोच. मला आज कळकळीने सांगायचंय ते एवढंच, की पैसे भरण्याआधी दोष घराबाहेर आहे की घरात, ते शोधून काढा. त्याला इंजिनिअर लागत नाही. एक लॅपटॉप, एक चांगली लॅन केबल (राउटर आणि लॅपटॉप जोडणारी तार) आणि थोडा निवांत वेळ पुरतो.

केबलचं एक टोक राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावा, दुसरं लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपचं वायफाय बंद करा. घरातल्या मंडळींना दहा मिनिटं मोबाइल बाजूला ठेवायला सांगा आणि स्पीड मोजा. एकदा सकाळी, एकदा रात्री जेवणाच्या सुमारास. आकडा वाचताना एक लक्षात असू द्या: प्लॅन मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि एका बाइटमध्ये 8 बिट असतात. म्हणजे 100 एमबीपीएसच्या, सेकंदाला 100 मेगाबिटच्या, प्लॅनवर फाइल सेकंदाला 12 मेगाबाइटने उतरत असेल, तर तुम्हाला पुरेपूर मिळतंय.

आता समजा प्लॅन 200 चा आहे आणि केबलवर दर वेळी 94-95 च्या आसपासच आकडा येतोय. इथे बहुतेक वेळा कंपनीचा दोष नसतो. राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्ट 100 चंच असतं, नाहीतर केबल बिघडलेली असते. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. 100 च्या वेगाला त्यातल्या चार पुरतात, त्यावरच्या गिगाबिट, म्हणजे 1000 च्या, वेगाला आठही लागतात. त्या जास्तीच्या चारांतली एक तार जरी सुटली तरी दोन्ही बाजूंची यंत्रं गुपचूप 100 वर उतरतात, कसलीही सूचना देत नाहीत. केबलच्या टोकाचा पारदर्शक प्लग उजेडात धरून बघा. आत सोनेरी पट्ट्या दिसतात. आपल्या दमट हवेत, त्यात किनाऱ्याजवळ खाऱ्या वाऱ्यात, स्वस्तातल्या प्लगच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. प्लग बदलायला फारसा खर्च येत नाही.

केबलवरही वेग नसेल, तर दोष राउटरपाशी किंवा बाहेर. फायबरच्या डब्यावर एलओएस नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे प्रकाश तुमच्यापर्यंत पोचतच नाहीये. खिडकीच्या गजाला फायबर काटकोनात आवळून बांधलेली मी किती घरांत बघितलीय! आतली काच केसाएवढी बारीक. तीक्ष्ण वळणावर प्रकाश बाहेर निसटतो, आणि कधी तुटतेही. ती सैल, मोठ्या गोलाईत असू द्या. आणि सुटलेल्या टोकात डोळा घालून बघू नका, तो लेसरचा प्रकाश असतो आणि डोळ्यांना दिसत नाही.

दिवे ठीक असून काहीच उघडत नसेल, तर कॉम्प्युटरला मिळालेला नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, बघा. तो 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही. राउटर बंद करून पुन्हा चालू करा, केबल तपासा. पत्ता ठीक असेल, तर आधी राउटरला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा, मग गूगलच्या 8.8.8.8 या पत्त्याला. दोन्हीकडून उत्तर येतंय पण साइट नावाने उघडत नाही, याचा अर्थ डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, अडलीय. डीएनएसच्या सेटिंगमध्ये 8.8.8.8 किंवा 1.1.1.1 भरून बघा.

पण माझा अनुभव असा, की केबलवर वेग बहुधा पुरेपूर येतो. अडतं ते घरात. गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, फोंड्याकडची जुनी घरं डोळ्यांसमोर आणा. दीड-दोन फूट जाड चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंती, मध्ये राजांगण, म्हणजे आतलं मोकळं अंगण, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी. चिरा सच्छिद्र, पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि वायफायच्या लहरी पाण्यात जिरतात. म्हणून मे महिन्यात मागच्या खोलीपर्यंत पोचणारं नेटवर्क जुलैत पोचत नाही. त्यात राउटर कुठे? वायर जिथून घरात आली तिथेच, पुढच्या खिडकीजवळ, अर्धा सिग्नल अंगणातल्या तुळशीला!

राउटर घराच्या मध्यावर, उंचावर आणा. फ्रिज, लोखंडी कपाट, पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. राउटरला बहुधा 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ असे लहरींचे दोन पट्टे असतात. 5 चा वेग जास्त, पण भिंतीपुढे तो लवकर हरतो, 2.4 लांब जातो, पण शेजाऱ्यांचे राउटर आणि मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गर्दी करतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर 2.4 वर 1, 6 किंवा 11 यांपैकी सर्वात मोकळा चॅनल घ्या. मधला तिसरा-चौथा घेतलात तर दोन्ही बाजूंचा गोंधळ अंगावर येतो, एका मंडपात दोन भजनी मंडळांच्या मधोमध बसल्यासारखा.

एवढ्यावर भागलं नाही, तर लोक एक्स्टेंडर, म्हणजे वायफायचा सिग्नल पुढे पोचवणारा डबा, आणतात. बरेचसे स्वस्त एक्स्टेंडर एकाच लहरीवर ऐकतात आणि बोलतात, म्हणून वेग निम्म्यावर येतो. घ्यायचाच तर जिथे सिग्नल चांगला आहे तिथे लावा, मेलेल्या खोलीत नव्हे. माझं मत विचाराल, तर एकदाच माळ्यावरून कॅट 6 केबल मागे न्या. शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. तांब्याची केबल 100 मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट वेग देते. कौलांखाली उंदीर कुरतडतात, म्हणून पीव्हीसी पाइपातून घाला आणि विजेच्या वायरीपासून दूर ठेवा.

मागच्या टोकाला जुना राउटरही चालतो. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, त्याला मुख्य राउटरपेक्षा वेगळा पत्ता द्या, केबल वॅन, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. वायफायचं नाव आणि पासवर्ड पुढच्यासारखाच ठेवा, चॅनल वेगळा. 2020 च्या टाळेबंदीत सत्तरी-सांग्याकडची मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. आता जिथे घरापर्यंत फायबर पोचलीय, तिथे मुलाला अभ्यासाला ओसरीच्या एका कोपऱ्यातच बसावं लागणं मला सहन होत नाही.

कुळागरातल्या, म्हणजे पोफळीच्या बागेतल्या, दुसऱ्या घराकडे लाइन न्यायची असेल, तर उघड्यावरून तांब्याची केबल नेऊ नका, फायबर न्या. वैशाखातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा तांब्यातून थेट आत येतात. गडगडायला लागलं की राउटरचा प्लग काढा. एरवी लाइट गेली तरी नेट चालू हवं असेल, तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून बघा, बऱ्याच राउटरना 12 व्होल्ट लागतात.

चवथीला मुंबई-पुण्याची सगळी माणसं घरी येतील, तेव्हा त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू करा. घरचा पासवर्ड वाटायची गरज पडत नाही. राउटरचा मूळ ॲडमिन पासवर्ड अजून तसाच असेल, तर तो आजच बदला, आणि वायफायची सुरक्षा सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए 2 किंवा 3 या प्रकारावर ठेवा.

आणि हे सगळं करूनही केबलवर वेग आलाच नाही, तर तक्रार करताना नुसतं नेट स्लो आहे म्हणू नका. कोणत्या तारखेला, किती वाजता, केबलवर किती वेग आला आणि एलओएसचा दिवा कसा होता, हे सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. नमस्कार.